टीडीएस १८० दाखवतोय पण सकाळचं पाणी पिवळट येतंय, नेमकं काय तपासून घेऊ?

ओलीवाट:

नमस्कार सगळ्यांना. जरा लांबलचक लिहितेय, पण वाचून सांगा प्लीज.

गेले तीन आठवडे सकाळी पहिल्यांदा नळ सोडला की पाणी पिवळट येतंय. स्टीलच्या पातेल्यात कळत नाही, पांढऱ्या बादलीत धरलं की लगेच दिसतं. पाच-सात मिनिटं वाहू दिलं की स्वच्छ होतं. क्लोरीनचं तर काही खरंच नाही, एखाद्या दिवशी इतका उग्र वास की तोंड धुताना नाकात जातो आणि मग दोन-दोन दिवस अजिबात वास नाही. बाहेर रस्त्यावर पाइपलाइनसाठी खोदकाम झालं त्यानंतरच हे सुरू झालंय असं मला वाटतं. पाण्याच्या ऑफिसात दोनदा जाऊन आले, दोन्ही वेळा "काही दिवस उकळून प्या" एवढंच उत्तर मिळालं.

स्वयंपाकघरातला एक नळ थेट लाइनवर आहे, बाकी सगळं गच्चीवरच्या टाकीतून. पाणी दिवसातून काही तासच येतं.

मला खरी काळजी आहे ती मुलीची. सात महिन्यांची आहे आणि तिला पावडरचं दूध चालू आहे, म्हणजे दिवसभरात ती जे काही पिते त्यातलं बहुतेक नळाचंच पाणी. दीराने टीडीएस मीटर आणला, १८० दाखवतोय, तो म्हणतो वहिनी पाचशेच्या आत आहे म्हणजे पाणी एकदम चांगलं. सासूबाई म्हणतात तुरटी फिरव आणि उकळ. शेजारच्या काकू म्हणतात सरळ आरओ बसव. आणि मी काल रात्री शिसं, नायट्रेट, आर्सेनिक असं एकेक वाचत बसले आणि दोन वाजेपर्यंत झोप नाही. लॅबला फोन केला तर त्यांनी चाळीसेक टेस्टची यादी वाचून दाखवली. एवढ्या सगळ्या कराव्या लागतात का? की मोजक्या करून चालेल? आणि सॅम्पल कसं घ्यायचं?

---

तुरटीवाला:

ताई, मी बावीस वर्षं जलशुद्धीकरण केंद्रात काढली, त्यातली शेवटची नऊ तिथल्याच प्रयोगशाळेत, त्यामुळे तुमच्या प्रश्नावर सविस्तरच लिहितो.

पहिली गोष्ट, तो टीडीएस मीटर सध्या बाजूला ठेवा. तो पाण्यातून वीज किती सहज वाहते ते मोजतो आणि त्यावरून विरघळलेल्या क्षारांचा अंदाज सांगतो, बाकी त्याला काही कळत नाही. १८० म्हणजे लिटरमागे साधारण १८० मिलिग्रॅम क्षार. आता शिशाची जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा बघा, लिटरमागे १० मायक्रोग्रॅम, म्हणजे ०.०१ मिलिग्रॅम. समजा तुमच्या पाण्यात या मर्यादेच्या शंभरपट शिसं असलं तरी ते १ मिलिग्रॅमच झालं, म्हणजे मीटरवर १८० चं फार तर १८१ होईल. आणि जंतू तर त्यात दिसतच नाहीत, सांडपाणी मिसळलेलं पाणीसुद्धा १८० दाखवू शकतं. पाचशे-सहाशेचे जे आकडे सांगतात ते मुख्यतः चवीचे आहेत. दीरांना सांगा, मीटर खराब नाही, पण तुम्हाला ज्याची भीती आहे ते तो मोजतच नाही.

आता रंगाबद्दल. नळातून येतानाच पाणी पिवळं असेल आणि वाहू दिल्यावर साफ होत असेल तर तो लोखंडी पाइपच्या आतला गंज. याउलट पाणी नितळ येतं आणि बादलीत तास-दोन तास ठेवल्यावर पिवळं पडतं, तर लोह विरघळलेलं आहे आणि हवा लागल्यावर गंजतंय, हे बहुतेक जमिनीखालच्या पाण्यात होतं. तुमचं पहिल्या प्रकारचं दिसतंय. लोहाने आरोग्याला तसा धोका नाही, ०.३ मिलिग्रॅमच्या वर गेलं की कपड्यांवर डाग पडतात आणि चव बिघडते. पण जुन्या पाइपच्या आत गंजाचा जो थर असतो ना, तो वर्षानुवर्षं शिसं, मॅंगनीज, आर्सेनिक असले धातू धरून ठेवतो, आणि बाहेर खोदकाम झालं, व्हॉल्व्ह उघडझाप झाले, दाब वरखाली झाला की तो थर सुटून नळापर्यंत येतो. म्हणून पिवळं पाणी "नुसता गंज आहे" म्हणून सोडून देऊ नका.

पण याहून मला जास्त खटकतंय ते क्लोरीनचा वास दोन-दोन दिवस गायब होणं. लोकांना वास आला की भीती वाटते, आम्हाला वास नसला की वाटायची. नळाशी निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असायला हवं, वाटेत काही शिरलं तर त्याला मारायला तेवढंच असतं. पाणी काही तासच येतं म्हणजे उरलेला वेळ पाइप रिकामा किंवा बिनदाबाचा, आणि अशा वेळी जिथे जोड सैल आहे तिथून बाहेरचं पाणी आत ओढलं जातं. शेजारून गटाराची लाइन जात असेल तर काय ओढलं जाईल ते वेगळं सांगायला नको. कुठून तरी घाण शिरली की शिल्लक क्लोरीन तिच्यावरच खर्च होतं आणि वास जातो. केंद्रातून डोस कमी पडला तरी वास जातो, पण नक्की कळेपर्यंत वाईटच धरून चाला.

तर चाळीस टेस्ट नकोत. तुमच्या केसमध्ये मी एवढ्याच सांगेन: ई. कोलाय आणि टोटल कोलिफॉर्म (पाण्यात मैला किंवा बाहेरची घाण शिरल्याची खूण देणारे जंतू), शिल्लक क्लोरीन, गढूळपणा, लोह, मॅंगनीज, शिसं, आणि घरात तान्हं बाळ आहे म्हणून नायट्रेट. तुमच्याकडे बोअरचं पाणी मिसळत असेल तर आर्सेनिक आणि फ्लोराइड, नसेल तर ते नंतर बघू.

सॅम्पल घेण्यातच निम्मे लोक चुकतात, म्हणून नीट वाचा. जंतूंसाठी बाटली लॅबकडूनच आणा, तिच्या तळाशी चिमूटभर पांढरी पावडर किंवा थेंबभर पाणी असतं, ते सोडियम थायोसल्फेट, ते धुऊन टाकू नका. ते नसेल तर बाटलीतलं क्लोरीन वाटेतच जंतू मारून टाकतं आणि रिपोर्ट खोटा चांगला येतो. ही बाटली थंड ठेवून शक्यतो सहा-आठ तासांत पोचवा, २४ तासांच्या पुढे तर नाहीच. टाकीचं आणि थेट लाइनचं वेगवेगळं सॅम्पल घ्या.

धातूंसाठी दोन बाटल्या. ज्या नळाचं पाणी पिता तो रात्री झोपताना बंद करा, निदान सहा तास कोणी हात लावायचा नाही, आणि सकाळी नळ सोडल्या सोडल्या पहिलं एक लिटर भरायचं, आधी एक थेंबही वाया घालवायचा नाही. मग पाच मिनिटं वाहू देऊन दुसरी बाटली. पहिलीत शिसं जास्त आणि दुसरीत कमी आलं तर ते तुमच्या घरातल्या नळातून किंवा जोडांतून येतंय. दोन्हीत सारखंच आलं तर घराबाहेर शोधायचं. या दोन आकड्यांतला फरक हाच खरा रिपोर्ट.

---

बादलीभर:

वरच्या पोस्टला जोडून माझा अनुभव. आमच्याकडे पाण्यात काळे कण यायचे, धातूची टेस्ट एकदा केली तर सगळं नॉर्मल. मी सॅम्पल घेताना नळाच्या तोंडाची जाळी काढून ठेवली होती, म्हटलं स्वच्छ पाणी जाऊ दे लॅबला. नंतर ती जाळी पांढऱ्या कागदावर आपटली तर आतून गंजाचे खपले, रबराच्या वायसरचे काळे तुकडे आणि दोन-तीन करडे चकचकीत दाणे निघाले, नखाने ओरखडा मारला तर नखाखाली चांदीसारखी रेघ उठली. ते जुन्या जोडाच्या डाखाचे तुकडे होते, म्हणजे शिसं. रोज आम्ही जे पाणी पीत होतो ते त्या दाण्यांवरून गाळून येत होतं आणि मी मात्र ते काढून टेस्ट केली होती!

त्यामुळे ताई, सॅम्पलच्या आधी जाळी काढू नका, आहे तसंच घ्या. सॅम्पल झाल्यावर मात्र लगेच उघडून बघा. आणि पितळी नळ जुना असेल तर तोही लक्षात ठेवा, पितळात शिसं मिसळलेलं असायचं. अमेरिकेतसुद्धा २०१४ पर्यंत ८ टक्के शिसं असलेला नळ कायद्याने "शिसेमुक्त" म्हणून विकता यायचा, त्यानंतर ती मर्यादा ०.२५ टक्क्यांवर आणली.

---

एकशंका:

माझा साधा प्रश्न, आमच्याकडे आजीपासून पाणी उकळूनच पितात, कोणाला काही झालेलं नाही. वीस मिनिटं खळखळ उकळलं की सगळं मरतं ना? मग एवढ्या टेस्ट कशाला?

---

तुरटीवाला:

मरतं ते जिवंत असलेलं. जंतू, विषाणू, जिआर्डियासारखे परजीवी सगळे उकळल्यावर मरतात, आणि त्याला वीस मिनिटंही लागत नाहीत, पाणी खळखळून उकळायला लागलं की काम होतं, मग झाकून गार करायचं. आजींचं बरोबरच होतं, पटकी-विषमज्वराच्या काळात यानेच घरं वाचली.

पण शिसं, नायट्रेट, आर्सेनिक, फ्लोराइड हे मरणारे नाहीत. वाफ उडून जाते आणि हे भांड्यातच राहतात, वीस मिनिटं उकळून पाणी निम्मं झालं तर यांचं प्रमाण दुप्पट झालं. बाळाच्या बाबतीत हे फार महत्त्वाचं आहे म्हणून ताईंना पुन्हा सांगतो. नायट्रेट जास्त असलेलं पाणी लहान बाळाच्या पोटात गेलं की रक्ताची ऑक्सिजन वाहून न्यायची ताकद कमी होते, ओठ-नखं निळसर पडतात, तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला धोका सगळ्यात जास्त. आणि शिसं लहान मुलांच्या शरीरात मोठ्यांच्या चार-पाच पट शोषलं जातं आणि मेंदूच्या वाढीवर परिणाम करतं, त्याची सुरक्षित अशी कुठलीच पातळी नाही, १० मायक्रोग्रॅम ही मर्यादा व्यवहार म्हणून ठेवलेली आहे. तेव्हा उकळायचंच, पण उकळायला घ्यायचं पाणी पाच मिनिटं वाहू दिलेलं आणि गार नळाचं घ्या. गीझरचं गरम पाणी दुधासाठी कधीच नको, गरम पाण्यात धातू जास्त विरघळतात.

तुरटीचंही तेच, गाळ खाली बसवते, विरघळलेल्या शिशा-नायट्रेटचं तिच्याकडे काही चालत नाही.

---

साधासरळ:

क्लोरीनबद्दल विचारायचं होतं. त्याने कॅन्सर होतो असं फिरत असतं, मग उग्र वास येतो त्या दिवशी प्यायचं का नाही? मी तर वास आला की ते पाणी झाडांना घालतो.

---

सूक्ष्मदर्शी:

मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते, याचं उत्तर मी देते. तुम्ही वाचलंय त्याचं मूळ खोटं नाही. १९७४ मध्ये नेदरलँड्सच्या रॉटरडॅममधले रसायनशास्त्रज्ञ योहानेस रूक यांनी दाखवून दिलं की नदीच्या पाण्यातल्या कुजलेल्या पालापाचोळ्याच्या अंशाशी क्लोरीनचा संयोग होऊन क्लोरोफॉर्मसारखे पदार्थ तयार होतात, त्यांना ट्रायहॅलोमिथेन म्हणतात. वर्षानुवर्षं जास्त प्रमाणात पोटात गेले तर धोका वाढू शकतो म्हणून त्यांच्यावर मर्यादा घातल्या गेल्या, आणि केंद्रांनी क्लोरीन घालायच्या आधी पाणी जास्त चांगलं गाळून घ्यायला सुरुवात केली. पण क्लोरीन बंद करणं हा त्यावरचा उपाय कोणीच सांगत नाही. तो धोका दशकांचा आणि छोटा, बिनक्लोरीनच्या पाण्यातून होणारी हगवण-कावीळ या आठवड्यातली. जागतिक आरोग्य संघटनेने क्लोरीनसाठी ५ मिलिग्रॅमची मर्यादा ठेवलीय आणि नाकाला त्याच्या कितीतरी आधी वास येतो. पाणी उघड्या भांड्यात काही तास ठेवा, वास उडून जातो. फक्त उघडं ठेवलेलं पाणी हात बुडवून काढू नका, क्लोरीन उडालं की त्याचं रक्षण करणारं काही उरत नाही.

मातकट, ओल्या मातीसारखा वास येत असेल तर ते वेगळं, ते जलाशयातल्या शेवाळासारख्या जीवांचं जिओस्मिन. माणसाच्या नाकाला ते लिटरमागे काही नॅनोग्रॅम असलं तरी कळतं, आणि वासाला वाईट असलं तरी स्वतः अपायकारक नाही.

---

प्रश्नचिन्ह:

आणि ती "कायमची रसायनं" म्हणतात ती, पीएफएएस? न चिकटणाऱ्या तव्यातली वगैरे. ती पण तपासायची का?

---

सूक्ष्मदर्शी:

चिंता रास्त आहे. कार्बन आणि फ्लोरीनचा बंध इतका घट्ट असतो की ती निसर्गात मोडतच नाहीत. कर्करोगावर संशोधन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०२३ मध्ये त्यातल्या पीएफओएला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पहिल्या गटात टाकलं, आणि अमेरिकेने २०२४ मध्ये पीएफओए आणि पीएफओएस या दोघांना लिटरमागे ४ नॅनोग्रॅमची मर्यादा घातली. पण नॅनोग्रॅम मोजायला खास यंत्र लागतं, साध्या लॅबचं ते काम नाही. जवळ विमानतळ, आगीचा फेस वापरणारं सराव केंद्र किंवा असा कारखाना असेल तर जरूर मागे लागा. ओलीवाट ताईंच्या वर्णनात तसं काही नाही, त्यांनी आधी जंतू आणि शिसं बघावं.

आरओचंही सांगून टाकते कारण काकूंनी सुचवलंय. आरओ शिसं, नायट्रेट, फ्लोराइड कमी करतो, पण बरंच पाणी वाया घालवतो आणि तुम्हाला लागणारच नसेल तर उगाच. नुसता कार्बनचा फिल्टर क्लोरीन आणि वास काढतो, नायट्रेट-फ्लोराइड काढत नाही, आणि त्याची कांडी वेळेत बदलली नाही तर तिच्यावरच जंतू वाढतात. यूव्ही, म्हणजे अतिनील किरणांचा फिल्टर, जंतू मारतो पण पाणी गढूळ असेल तर कणांच्या आड जंतू लपून राहतात. म्हणजे आधी रिपोर्ट, मग यंत्र.

---

ओलीवाट:

सगळ्यांचे मनापासून आभार, रिपोर्ट आलेत म्हणून सगळं लिहितेय.

पहिलं लिटर: शिसं २३ मायक्रोग्रॅम, लोह ०.९ मिलिग्रॅम. पाच मिनिटांनंतरचं: शिसं २, लोह ०.३. रिपोर्ट हातात आला तेव्हा २३ वाचून पाय लटपटले, कारण मुलीच्या सकाळच्या पहिल्या बाटलीचं पाणी मी सात महिने त्याच नळाचं, तेही बऱ्याचदा पहिलंच घेतलंय. डॉक्टरांकडे नेऊन तिच्या रक्तातलं शिसं तपासायला दिलंय, रिपोर्ट यायचाय.

थेट लाइनमध्ये ई. कोलाय नाही, कोलिफॉर्म नाही, पण शिल्लक क्लोरीन फक्त ०.१. टाकीत मात्र टोटल कोलिफॉर्म निघाले. गच्चीवर जाऊन बघितलं तर झाकणाला बोटभर चीर आणि तळाशी चार बोटं मऊ गाळ, हात घातला तर ढवळून काळा झाला. टाकी घासून धुतली, ब्लीचिंगचं पाणी रात्रभर भरून ठेवून सोडून दिलं, झाकण नवीन.

नायट्रेटच्या रकान्यात "नायट्रेट-नायट्रोजन ६.१" लिहिलंय. मर्यादा ५० आहे ना, मग हे खूपच कमी झालं का?

आणि नळाची जाळी उघडली. बादलीभर, तुम्ही सांगितलेले करडे दाणे आमच्याकडेही निघाले, पाच. कागदात बांधून ठेवलेत.

---

तुरटीवाला:

नायट्रेटचा आकडा नीट बघा, इथे बरेच जण फसतात. ५० ही मर्यादा पूर्ण नायट्रेटची आहे. तुमच्या लॅबने त्यातला फक्त नायट्रोजन सांगितलाय, त्याला ४.४३ ने गुणायचं. ६.१ चे झाले २७. म्हणजे मर्यादेच्या आत आहात, पण अगदी नगण्य नाही, पावसाळ्यानंतर एकदा परत तपासा.

शिशाचं चित्र स्पष्ट आहे, २३ आणि २ म्हणजे शिसं तुमच्या नळात आणि त्याच्या जवळच्या जोडांत. तो नळ आणि त्यामागचा डाख मारलेला तुकडा, भिंतीपर्यंतचा, दोन्ही बदला, नुसता नळ बदलून थांबू नका. आणि ताई, स्वतःला दोष देऊ नका. शिशाला ना रंग, ना वास, ना चव. अमेरिकेतल्या फ्लिंट शहरात एप्रिल २०१४ मध्ये पाण्याचा स्रोत बदलून नदीवर आणला, पाइप न झिजण्यासाठी घालायचं रसायन घातलं नाही, आणि लोक तपकिरी पाण्याच्या बाटल्या घेऊन सभांना जात होते तरी त्यांना पाणी ठीक आहे असंच सांगत राहिले, ऑक्टोबर २०१५ पर्यंत. तिथे अख्खी यंत्रणा असून कळलं नाही, तुम्ही तीन आठवड्यांत शोधून काढलंत.

०.१ क्लोरीनचा आकडा मात्र तुमच्या घरापुरता नाही, तो अख्ख्या लाइनचा आहे. तो कागद घेऊन ऑफिसात जा, पण एकट्या जाऊ नका.

---

ओलीवाट:

गेले नाही एकटी. आमच्या रांगेतल्या अकरा घरांनी चार दिवस रोज सकाळी पांढऱ्या बादलीत पहिलं पाणी धरलं, वेळ, रंग आणि वास एका वहीत लिहिला, सूक्ष्मदर्शी ताईंनी मेसेजमध्ये सांगितल्याप्रमाणे डीपीडी गोळ्यांनी क्लोरीनही बघितलं. तीन घरांत गोळी टाकल्यावर गुलाबी रंग आलाच नाही, आणि तिन्ही घरं खोदकामाच्या टोकाला. वही आणि लॅबचा रिपोर्ट टेबलावर ठेवला तेव्हा साहेबांनी पहिल्यांदा खुर्ची पुढे ओढून वाचलं.

परवा माणसं आली, टोकाला एक जोड गळत होता तो उकरून बदलला आणि लाइनमधला गाळ बाहेर सोडायचा शेवटचा वॉशआउट व्हॉल्व्ह उघडला. पहिली वीस मिनिटं जे पाणी आलं ते पिवळंही नाही, सरळ काळपट चॉकलेटी, रस्त्याच्या कडेने गाळाचा पट्टा उठला. आम्ही सगळ्या जणी उभं राहून बघत होतो, कोणी काही बोललं नाही. मग हळूहळू निवळलं. आज सकाळी क्लोरीन ०.४.

नळ आणि मागचा तुकडा आज बदलतोय. मुलीचा रिपोर्ट उद्या.

---

तुरटीवाला:

फार चांगलं केलंत. एक लक्षात ठेवा, लाइन अशी जोरात धुतली आणि घरातले जोड हलवले की पुढचे काही दिवस सुटलेले कण जास्त येतात, शिसं तात्पुरतं वाढूही शकतं. म्हणून लगेच टेस्ट करू नका, दोन-तीन आठवड्यांनी परत तशाच दोन बाटल्या, पहिलं लिटर आणि पाच मिनिटांनंतरचं. तोवर मुलीच्या पाण्यासाठी पाच मिनिटांचा नियम सोडायचा नाही, आणि नवीन नळाची जाळी दर दोन दिवसांनी उघडून कागदावर आपटून बघा. उद्या रिपोर्ट आला की इथे नक्की लिहा, मी वाट बघतोय.